उकिडवा मॅनेजर

माणसाची निवड त्याच्या गुणांवर होते असं म्हणतात. माझी माझ्या बसण्यावर झाली.

सौदीतल्या जुबैलमध्ये पाइप फिटर म्हणून मला तेव्हा चार वर्षं झाली होती. चहाच्या सुट्टीत साइटवर सगळ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या असायच्या. मी माझी खुर्ची ओढायचो, तिच्यावर चहाचा कप ठेवायचो आणि स्वतः तिच्या शेजारी जमिनीवर उकिडवा बसायचो. आमच्या चिपळूणकडे माणूस मासळी निवडतो उकिडवा, भांडतो उकिडवा, एसटीची वाट बघतो तीही उकिडवाच. खुर्चीत बसलं की मला डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखं वाटतं.

एक दिवस साइटचा मोठा साहेब समोर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. अमेरिकन माणूस, साठीला टेकलेला, तोंडावर ऊन खाऊन झालेला तांबूस रंग. तो घड्याळ लावून बघत होता हे मला नंतर कळलं. मला वाटलं, सुट्टी संपली तरी बसलोय म्हणून बघतोय. घाबरून मी हललोच नाही. जवळजवळ वीस मिनिटं आम्ही दोघं तसेच.

शेवटी त्याने विचारलं, "पाय दुखत नाहीत?"

"नो सर."

"चेंडू झेलता येतो?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कोकणातल्या माणसाला क्रिकेटबद्दल विचारलं असं नुसतं वाटलं तरी तो खोटं बोलतो. मी म्हणालो, "विकेटकीपर आहे, सर. डिस्ट्रिक्ट लेव्हल." डिस्ट्रिक्ट लेव्हल म्हणजे आमच्या वाडीने शेजारच्या वाडीला हरवून एक बोकड जिंकला होता.

पुढच्या शुक्रवारी मी कंपनीच्या बेसबॉल टीमचा कॅचर होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रिकेटच्या कीपरला निदान उभं राहायची परवानगी असते. कॅचरला नसते. त्याने बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडावर लोखंडी जाळी, छातीवर गादी, नडग्यांवर ढाली, हातात उशीएवढा मोजा. आणि साठ फुटांवरून एक माणूस जीव खाऊन चेंडू फेकतो तो झेलायचा. एका सामन्यात दीड-दोनशे वेळा. मैदानावर नऊ जण असतात, त्यातले आठ जण तुझ्याकडे तोंड करून उभे असतात आणि सगळ्यांकडे तोंड करून तू एकटा. साहेब हे फार अभिमानाने सांगायचा. मला मात्र ते आमच्या कॅम्पसारखंच वाटायचं. जाळीतून सगळं दिसतं, उठता येत नाही.

पहिल्या सामन्यात मी एका खेळाडूला बाद केल्यावर नसलेल्या स्टंपांच्या दिशेने हात मारला आणि तिथून पंचाकडे वळून घसा फाडून अपील केलं. पंच सुदानी इंजिनिअर होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, मी बघतोय. ओरडू नकोस."

आणखी एक अडचण निघाली. आम्ही बसतो ते टाच टेकवून. तसं बसून माणूस उभा जन्म काढील. पण चोर, म्हणजे चेंडू फेकला जात असतानाच पुढच्या बेसकडे, पुढच्या टप्प्याकडे, सटकणारा धावपटू, पळाला की कॅचरला उसळी मारून उठायचं असतं, म्हणून साहेबाने मला टाचा उचलून चवड्यांवर बसायला शिकवलं. दुसऱ्या हंगामापर्यंत माझे गुडघे जिना चढताना बोलायला लागले. साइटच्या डॉक्टरला दाखवायची सोय नव्हती. फिटर आणि त्याचे गुडघे खराब, असा शेरा पडला की माणूस थेट घरी, तोही कायमचा. मग मी रूममेटकडून मोहरीचं तेल चोळून घ्यायचो. रूममेट खेडचा, इलेक्ट्रिशियन. चोळता चोळता म्हणायचा, "काय नशीब बघ. लोक गल्फला येऊन सोनं नेतात, तू वाटी घासून नेणार."

तरी खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, फिलिपिनो वेल्डर होता. बुटका, शांत, तिशीतला. मी मांड्यांमध्ये बोटं दाखवायचो, एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा, आणि तो तसाच टाकायचा. जन्मात माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. शुक्रवारचे तास साहेब आमच्या टाइमशीटवर ओव्हरटाइम म्हणून लिहायला लावायचा. म्हणजे मी बहुधा रत्नागिरी जिल्ह्याचा पहिला पगारी कॅचर. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मात्र पाइप फिटरच.

तिसऱ्या हंगामात साहेबाच्या कमरेने राजीनामा दिला आणि त्याने मला मॅनेजर केलं. कारण काय, तर मी हिंदी बोलतो, पाकिस्तान्यांशी बरी उर्दू बोलतो, अरबी कामापुरती, आणि फिलिपिनो भाषेत तीन शिव्या. मॅनेजरने टीम निवडायची, बाकी कंपन्यांच्या मॅनेजरांबरोबर मीटिंगला बसायचं, आणि कुणाला रजा हवी असेल तर हंगामात ती देणं बरं की वाईट हे साहेबाला सांगायचं. शेवटचं काम मला फार भावलं. सात वर्षं मी ज्या टेबलासमोर उभा राहिलो त्याच्या दुसऱ्या बाजूला, साहेबाच्या खुर्चीशेजारी, आता मी उभा राहणार होतो. बसायला सांगितलं होतं, पण खुर्ची.

त्याच वर्षी आमच्या घराची पाळी होती.

गावच्या शिमग्यात देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती बसते त्या चौथऱ्यावरून, उठवायचा मान आमच्या भावकीतल्या सात घरांमध्ये फिरतो. सात वर्षांनी एकदा. त्या दिवशी पुढचा खांदा त्या घरचाच लागतो. घरचा खांदा नसेल तर मान पुढच्या घराला जातो आणि पाळी परत यायची ती सात वर्षांनी. गेल्या खेपेला बाबांनी दिला होता. त्यानंतर त्यांचा खांदा धरला, हात डोक्यावर जात नाही. मी एकुलता एक. बाबांनी दिवाळीतच फोनवर सांगून ठेवलं होतं, "ह्या खेपेला तू. मी फक्त ढोलाच्या मागे चालणार."

मी म्हणालो, "बाबा, आता मी मॅनेजर आहे. रजा माझ्याच हातात आहे."

अंतिम सामन्याची तारीख ठरवायला सगळे मॅनेजर एका कंटेनर ऑफिसमध्ये जमले. रमजानच्या आधी सामना उरकायला हवा होता. एक कोरियन मॅनेजर गेल्या वर्षीच्या तारखा धरून बोलत होता. मी उठलो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना समजावलं की बाबांनो, रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, चंद्राचा हिशेब आहे, गेल्या वर्षीची तारीख धरून चालणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सौदी मॅनेजरने तर पाठीवर थाप मारली. मग मी माझी सोय बघितली. शिमगा गेल्या वर्षी कधी होता ते आठवलं, त्याच्या आधीचा एक आठवडा सोडला आणि मधला एक शुक्रवार सुचवला. यल्ला, खलास. तारीख पक्की.

रात्री घरी फोन लावून म्हणालो, "सामना झाला की दुसऱ्या दिवशी निघतो. होळीच्या आधी पाच-सहा दिवस घरात."

बाबांनी पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "कुठल्या होळीच्या?"

"आपल्या."

"ह्या वर्षीची होळी तुझ्या सामन्याच्या आधीच्या सोमवारी आहे. पालखी उठणार त्याच शुक्रवारी. पंचांग नाही का रे तिथे?"

रमजान चंद्रावर चालतो हे मी सहा देशांच्या माणसांना भाषण करून सांगितलं होतं. होळी कशावर चालते हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही मला विचारलं नाही. रूममेट पोळी लाटता लाटता थांबला. "चंद्र एकच आहे ना रे?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबाकडे रजेचा फॉर्म घेऊन निघालो आणि दारातच पाय थांबले. आत काय बोलायचं? कारण महिन्यापूर्वी त्याच खोलीत पिचर रजा मागायला आला होता. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण, तारीख हंगामाच्या शेवटाकडची. साहेबाने माझ्याकडे बघितलं होतं. मॅनेजर म्हणून माझा पहिलाच सल्ला. मी घसा खाकरून म्हणालो होतो, "सर, पहिलं मूल नेहमी उशिरा होतं. अंतिम सामना झाल्यावर जाऊ दे." मी एका मुलीचा बाप, थाट दहा मुलांच्या बापाचा. साहेबाने फॉर्म बाजूला ठेवला. पिचर माझ्याकडे बघून मान हलवून गेला.

आता त्याच सामन्याच्या वेळी मी रजा मागायची?

मी फॉर्म घडी करून खिशात घातला. आठवडाभर तो तिथेच राहिला. रोज साइटवर पाइपांच्या रॅकखाली शिरलो की तो कुरकुरायचा. बाबांना मी सांगत होतो, होतंय, बघतोय, साहेब चांगला माणूस आहे. बायकोला खोटं चाललं नाही. "अहो, तिकीट काढलंत का नाही ते सांगा," ती म्हणाली. "बाबा रोज सहाणेपर्यंत जाऊन येतात. खांद्याला काय काय लावतात. तुम्ही नाही आलात तर खांदा आपणच देऊ म्हणतात."

"त्यांचा हात वर जात नाही."

"ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे."

शेवटी मी पिचरला गाठलं. वेल्डिंग शेडमागे, तो हेल्मेट काढून पाणी पीत होता. मी माझं सगळं सांगितलं, पालखी, खांदा, चंद्र, कॅलेंडर. त्याला वाटलं असेल मी माफी मागतोय. मी अर्धी मागत होतोही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एकच मार्ग आहे. उपांत्य सामना हरायचा. फायनल नाही तर दोघंही मोकळे."

इतका सोपा विचार मला मॅनेजर असून सुचला नव्हता.

कट असा होता की तो हळू, सरळ चेंडू टाकणार, समोरचे फटके मारणार. मी अधूनमधून चेंडू सोडणार. बाकी सात जणांना सांगायचं नाही. आणि तिथेच घोळ झाला, कारण बाकी सात जण जीव तोडून खेळले. एरवी बॅट काठीसारखी धरणारा पंजाबी सुतार त्या दिवशी दोनदा चेंडू कुंपणापार मारून आला आणि त्याने मला मिठी मारली. मी मॅनेजर, मला हसावं लागलं.

शेवटचा डाव. आम्ही फक्त एका धावेने पुढे. त्यांचे दोन बाद, तिसरा बाद झाला की खेळ संपला. पण त्यांचा एक माणूस तिसऱ्या बेसवर, एक दुसऱ्यावर. दोघं घरी, म्हणजे माझ्यापाशीच्या शेवटच्या बेसवर, आले की ते जिंकले; वाटेत अंगाला चेंडू लावला की बाद. मी एक बोट दाखवलं, सरळ. पिचरने इतका गुबगुबीत चेंडू टाकला की माझी मुलगीही मारती. बॅटवाल्याने मात्र तो अर्धवट लावला आणि चेंडू जमिनीवरून सरपटत आमच्या नेपाळी फिल्डरकडे गेला. तिसऱ्या बेसवरचा माणूस माझ्याकडे धावत निघाला. नेपाळ्याने चेंडू उचलला आणि माझ्याकडे फेकला.

मला काहीच करायचं नव्हतं. हे लक्षात घ्या. नुसता हात बाजूला करायचा होता. चेंडू मागच्या जाळीवर गेला असता, दोघं घरी आले असते, आणि मी घरी गेलो असतो. मी मनाशी म्हणालोसुद्धा, सोड. आणि हाताने तो झेलला. झेलला, वळला, धावणाऱ्याच्या छातीला लावला. पंच माझ्याकडे बघून म्हणाला, "आउट. ह्या वेळी ओरडला नाहीस."

सगळे माझ्या अंगावर पडले. त्या ढिगाखाली जाळीतून मला पिचर दिसत होता. तो तिथेच उभा होता, हात कमरेवर. रागावला नव्हता. शिकवलेली म्हैस पुन्हा शेतात शिरली की माणूस जसा बघतो तसा बघत होता.

"मी मुद्दाम नाही केलं," मी नंतर म्हणालो.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मुद्दाम केलं असतंस तर सुटला असता."

त्या संध्याकाळी मी साहेबाकडे गेलो आणि दोन्ही फॉर्म टेबलावर ठेवले, पिचरकडून नव्याने भरून घेतलेला आणि माझा. साहेब खूश होता. अंतिम सामन्याला त्याने ज्यांच्यासाठी आम्ही प्लांट बांधत होतो त्या बड्या कंपनीच्या लोकांना बोलावलं होतं, बिर्याणीची ऑर्डर गेली होती. त्याने फॉर्म वाचले. माझा वाचताना भुवया वर गेल्या.

"ही तारीख तूच दिलीस ना?"

"यस सर."

"का?"

मी चंद्राबद्दल बोलायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

तो खुर्चीत मागे रेलला. वाईट माणूस नव्हता, आणि तीच पंचाईत होती. वाईट असता तर मी त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. म्हणाला, "दोघांना सोडलं तर मला टीमच राहत नाही. एकाला सोडतो. कोणाला ते तू सांग. मॅनेजर तू आहेस."

त्याने पेन माझ्याकडे सरकवलं.

मी फार थोर माणूस आहे म्हणून पुढचं केलं असं कुणी समजू नये. मी आधी मनात बाबांचा खांदा एका बाजूला ठेवला आणि एक न जन्मलेलं मूल दुसऱ्या बाजूला, आणि तरी बाबांचंच पारडं खाली जात होतं. मग वेगळा विचार आला. मी घरून परत येणार. पुन्हा शुक्रवार येणार. पुन्हा मी जाळी लावून बसणार आणि साठ फुटांवर तो उभा असणार, वर्षभर, दर आठवड्याला दीड-दोनशे वेळा माझ्याकडे बघत. मला त्या बघण्याची भीती वाटली. मी त्याचा फॉर्म पुढे सरकवला. साहेबाने सही केली, आणि माझा फॉर्म उचलून मला परत दिला, अगदी आदराने.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच. बायकोने फोन घेतला आणि बाहेर जाऊन बोलली. "त्यांनी उद्याच भावकीला कळवायचं ठरवलंय. म्हणाले, आयत्या वेळी देवीला ताटकळत ठेवायचं नाही."

पिचर बुधवारी गेला. जाताना त्याने मला त्याचा जुना मोजा दिला. मी विचारलं, तू परत येणार आहेस ना? तो म्हणाला, "येणार. पण तुझ्या हाताला काही सांगता येत नाही, म्हणून दुसरा असू दे."

अंतिम सामना शुक्रवारी दुपारी. पिचर म्हणून मी पंजाबी सुताराला उभं केलं होतं. त्याचे चेंडू माझ्या डोक्यावरून, बॅटवाल्याच्या पाठीमागून, एकदा तर पाहुण्यांच्या मंडपात गेले. दुसऱ्या डावापर्यंत आम्ही नऊ धावांनी मागे. साहेब पाहुण्यांना बिर्याणी वाढत होता.

तिसऱ्या डावाच्या मध्यात माझ्या मागच्या जाळीवर टकटक झाली. रूममेट. हातात माझा फोन. "घे लवकर. घरून आहे. पालखी अंगणात आलीय."

मी पंचाकडे बघितलं. त्याने हात वर करून खेळ थांबवला, बहुधा त्याला वाटलं मला लागलंय. रूममेटने फोन जाळीला टेकवून धरला. मी माझ्या तोंडावरच्या जाळीतून त्या जाळीतून बघत होतो. आधी नुसता ढोल ऐकू आला आणि गुलाल दिसला. मग चित्र स्थिर झालं. आमचं अंगण, आमची तुळस, आणि पालखी चुलतकाकांच्या मुलाच्या खांद्यावर. पुढचा खांदा. तो नाचवत होता, गुडघ्यांत वाकून, वर उसळून, परत वाकून. छान नाचवत होता. मला कसंतरीच झालं, कारण मला त्यात एकही चूक काढता येईना.

मग बाबांचं तोंड फोनच्या फार जवळ आलं. कपाळावर गुलाल.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"मान त्यांच्याकडे गेला. देवी काही रागावलेली नाही. गुरवाने कौल घेतला." कपाळावरचा गुलाल पुसत म्हणाले, "मी रागावलोय. पण ते मी तू आल्यावर बोलेन." मग नीट बघून, "तोंडाला काय बांधलंयस? आणि बसलायस काय असा देवी समोर असताना? उभा राहा."

मी उठलो. उठता उठता डावा गुडघा असा वाजला की पंचाने बघितलं. जाळी वर सरकवली, मोजा काखेत धरला आणि फोनला हात जोडले. मैदानावर आणि कडेला मिळून सतरा माणसं उभी होती. कुणाला काही कळत नव्हतं, पण पंजाब्याने मान खाली घातली, मग नेपाळ्याने हात जोडले, आणि मंडपातून साहेबाने टोपी काढलेली मी बघितली. फोनमध्ये बायको ओटी भरत होती. मुलगी तिच्या मागून फोनकडे हात हलवत होती.

"झालं," बाबा म्हणाले. "कोण जिंकतंय तिकडे?"

"आम्ही हरतोय. मोठ्या फरकाने."

"मग संपेल लवकर. संपलं की ये."

"रजा नाही हो बाबा."

त्यांना ते ऐकू गेलं नसावं, ढोल पुन्हा चढला होता. चित्र हललं, अंगणाची बाजू दिसली, माणसांच्या पाठी दिसल्या. पालखी पुढच्या घराकडे वळली होती. मग रूममेटने फोन खिशात घातला.

पंचाने विचारलं, "ठीक आहेस?"

मी जाळी खाली ओढली आणि बसलो. ह्या वेळी टाच टेकवून बसलो. चोर पळाले तर पळू देत म्हटलं. पंजाब्याने हात फिरवला आणि चेंडू माझ्या डोक्यावरून गेला.